इग्नाझ सेमेलवाइस : बाळंतिणीची जखम ओळखणारे डॉक्टर

नवी दिल्ली, १ जुलै : डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ भारतात आजचा दिवस डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. याच तारखेला, १८१८ मध्ये, हंगेरीतील बुडा शहरात इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म झाला. धडधाकट स्त्री बाळंतपणासाठी रुग्णालयात येते आणि आठवड्याच्या आत तापाने दगावते, हे का घडते, या एकाच प्रश्नाने त्यांचे सारे आयुष्य व्यापले. प्रसूतीनंतर स्त्रीच्या शरीरात एक उघडी जखम असते आणि त्या जखमेत विष नेऊन सोडणारा हात बहुधा डॉक्टरचाच असतो, असे उत्तर त्यांना सापडले. आज प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातील परिचारिकेलाही ठाऊक असणाऱ्या या गोष्टीपायी सेमेलवाइस यांनी पद गमावले, मित्र गमावले आणि अखेरीस मनाचा तोलही गमावला.

बुडाच्या ताबान वस्तीत त्यांच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. घर सुखवस्तू होते आणि घरातली भाषा होती बुडाकडची जर्मन बोली. १८३७ मध्ये वडिलांच्या इच्छेनुसार ते कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले. परंतु वर्षभरातच त्यांनी कायदा सोडून वैद्यकाची वाट धरली. व्हिएन्नाचे वैद्यकीय विद्यापीठ तेव्हा नव्या विचाराने भारलेले होते. शवविच्छेदनातून रोगाचे मूळ शोधणारे कार्ल फॉन रोकितान्स्की, छातीवर ठोकून व कान लावून निदान करण्याच्या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप देणारे योसेफ श्कोडा आणि त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा हे तिघे त्या विचाराचे अध्वर्यू. सेमेलवाइस त्यांच्या प्रभावाखाली घडले. १८४४ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांना श्कोडा यांच्या हाताखाली काम करायचे होते. ती जागा मिळाली नाही, म्हणून ते प्रसूतिशास्त्राकडे वळले. १ जुलै १८४६ रोजी, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, व्हिएन्नाच्या सामान्य रुग्णालयातील पहिल्या प्रसूती विभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे सहायक म्हणून ते रुजू झाले.

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. गरीब आणि अविवाहित स्त्रियांना तेथे मोफत बाळंतपण करता येई, मुलाला अनाथगृहात ठेवता येई. त्या बदल्यात शिकणाऱ्यांकडून तपासणी करून घेण्यास तयार असावे लागे. १८४० च्या अखेरीपासून पहिल्या विभागात फक्त वैद्यकीय विद्यार्थी आणि दुसऱ्यात फक्त सुइणी शिकू लागल्या. दाखल करून घेण्याची पाळी दुपारी चार वाजता बदले. एक दिवस पहिल्या विभागाचा, दुसरा दिवस दुसऱ्याचा. बाहेरच्या माणसाला दोन्हींत काही फरक दिसला नसता. तथापि व्हिएन्नातील गरीब स्त्रियांना तो पक्का माहीत होता. आज पहिल्या विभागाचा दिवस आहे असे कळताच बाया रडू लागत, गुडघे टेकून परत जाऊ देण्याची विनवणी करीत. वेणा सुरू झालेल्या कित्येक जणी मुद्दाम रेंगाळत आणि वाटेतच बाळंत होत.

आकडे त्यांची भीती खरी ठरवत होते. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली आणि १,९८९ माता मरण पावल्या, म्हणजे दर शंभरांत जवळपास दहा. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ मृत्यू झाले. ते प्रमाण चार टक्क्यांच्या आत होते. एकट्या १८४२ मध्ये पहिल्या विभागात ५१८ स्त्रिया दगावल्या. शिवाय अत्यवस्थ रुग्णांना पहिल्या विभागातून अन्य कक्षांत हलवण्याची पद्धत होती आणि ते मृत्यू या हिशेबात आलेले नाहीत. सर्वांत चमत्कारिक बाब अशी, की रस्त्यात, कुणाच्याही मदतीवाचून बाळंत होऊन मग आलेल्या स्त्रियांना हा ताप क्वचितच येई.

सूतिकाज्वर या नावाने ओळखला जाणारा हा रोग बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत डोके वर काढी. हुडहुडी भरून ताप येई, नाडी वेगाने धावू लागे, पोट फुगून इतके दुखरे होई की अंगावरच्या चादरीचाही भार सोसवत नसे. काही दिवसांत शुद्ध हरपून मृत्यू येई. पुष्कळदा पाठोपाठ नवजात बाळही जाई. वैद्यकाजवळ उपाय असा नव्हताच. रक्त काढणे, जळवा लावणे, रेचक देणे हे चालू असे. त्याने आधीच थकलेली बाई आणखी खंगे. कारणांची मात्र मोठी यादी होती. हवेतील दूषित वाफा, ऋतुमान, भीती, लाज, दुधाचा बिघाड, इतकेच काय ग्रहताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या पोटातील हालचालींचा प्रभाव, असे सारे प्राध्यापक मंडळी गांभीर्याने शिकवत असत.

सेमेलवाइस यांनी ही यादी एकेक करून पारखायला घेतली. दोन्ही विभाग एकाच छपराखाली असताना दूषित हवा एकाच्याच वाट्याला कशी येईल? गर्दी म्हणावी तर स्त्रिया धडपडून दुसऱ्या विभागात जात असल्याने गर्दी तिकडेच अधिक. दुसऱ्या विभागात प्रसूतीच्या वेळी स्त्रीला कुशीवर निजवत, म्हणून पहिल्यातही तसे करून पाहिले. फरक पडला नाही. मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवत पहिल्या विभागाच्या खोल्यांतून जाई आणि त्या आवाजाने इतर जणी धास्तावत असत. त्यालाही दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता जाण्याची विनंती करण्यात आली. मृत्यू थांबले नाहीत.

१८४६ च्या अखेरीस सरकारी समिती नेमली गेली. विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, आडदांडपणे तपासणी करतात म्हणून स्त्रियांना इजा होते, असा निष्कर्ष तिने काढला. विद्यार्थ्यांची संख्या निम्म्यावर आणली गेली, परदेशी वगळले गेले. मृत्यू खरोखरच घटले. फेब्रुवारी १८४७ मध्ये ३१२ बाळंतपणांत सहाच स्त्रिया गेल्या. समितीला आपण बरोबर असल्याचे वाटले असणार. परंतु एप्रिलमध्ये, बाळंतपणे पुन्हा ३१२ च असताना, ५७ माता मरण पावल्या. मधल्या काळात बदल झाला होता तो एका माणसाचा. ऑक्टोबर १८४६ मध्ये सेमेलवाइस यांचे पद पूर्वीच्या सहायकाकडे, डॉ. ब्राइट यांच्याकडे, परत गेले होते. २० मार्च १८४७ रोजी ब्राइट ट्युबिंगेनला प्राध्यापक म्हणून गेल्यावर सेमेलवाइस पुन्हा विभागात आले. ब्राइट शवविच्छेदनगृहात फारसे फिरकत नसत. सेमेलवाइस मात्र रोज सकाळी फेरीच्या आधी, रोकितान्स्की यांच्या परवानगीने, सूतिकाज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या शवांची तपासणी करत. मृत्यूचे कारण शोधण्याची त्यांची तळमळच मृत्यू वाढवत होती. हे त्यांना थोड्याच आठवड्यांत कळणार होते.

विभागातील कामाला पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी मन हलके करण्यासाठी सेमेलवाइस मित्रांसह व्हेनिसला गेले होते. परतले तेव्हा त्यांचे स्नेही, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेत्श्का, मरण पावल्याची वार्ता त्यांना समजली. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी कोलेत्श्का यांच्या बोटाला लागली होती. जखम चिघळली, हात सुजला, पुढे फुप्फुसाच्या व पोटाच्या आवरणांना दाह होऊन त्यांचा अंत झाला. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते थबकले. त्या अहवालात वर्णन केलेले बदल त्यांनी शेकडो बाळंतिणींच्या शवांत पाहिले होते. कोलेत्श्का पुरुष होते. त्यांना गर्भाशय नव्हते, दूध नव्हते, बाळंतपणाची भीती वा लाज नव्हती. होती ती फक्त एक जखम आणि त्या जखमेत शिरलेले मृत शरीरातील द्रव्य.

सेमेलवाइस यांचे श्रेय सांगताना हात धुण्याचाच उल्लेख बहुधा होतो. खरे तर त्या आधीचा हा विचार अधिक मोलाचा आहे. वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आतील पृष्ठभाग सोललेल्या कातडीसारखा उघडा पडतो. प्रसूतिमार्गालाही चिरा पडलेल्या असतात. शल्यविशारदाच्या सुरीने झालेली जखम आणि ही जखम यांत जातीचा फरक नाही. त्यामुळे सूतिकाज्वर हा बायकांचा वेगळा रोग नसून शस्त्रक्रियेच्या जखमा नासून येणारा जो ताप शल्यविभागांत रोज माणसे मारत होता, तोच तो आहे, असे त्यांनी जाणले. गर्भारपणात गर्भाशयाचे तोंड मिटलेले असते, म्हणून सहसा धोका नसतो; वेणा सुरू होऊन ते उघडू लागले की विषाला वाट मिळते. ज्यांच्या वेणा चोवीस तासांहून अधिक लांबत आणि ज्यांना विद्यार्थी वारंवार तपासत, त्या जवळपास सगळ्या जणी का मरत, याचाही उलगडा त्यातून झाला. रस्त्यात बाळंत झालेलीला कुणी तपासत नसे, म्हणून ती वाचत होती. शिकाऊ सुइणी शवविच्छेदन करत नव्हत्या, म्हणून दुसरा विभाग बरा होता. जुन्या नोंदीही बोलू लागल्या. १८२२ पर्यंत, प्राध्यापक बोएर शवे न वापरता शिकवीत होते तोवर, या रुग्णालयातील मातामृत्यूचे प्रमाण सव्वा टक्का होते. १८२३ पासून क्लाइन यांच्या अमदानीत शवविच्छेदन शिक्षणाचा भाग बनले आणि ते पाच टक्क्यांवर गेले. वैद्यकाच्या ज्या प्रगतीचा व्हिएन्नाला अभिमान होता, तिचीच ही किंमत होती.

विद्यार्थी शवविच्छेदनानंतर साबणाने हात धूत असत, पण वास जात नसे. वास आहे तोवर द्रव्यही आहे, असा सेमेलवाइस यांचा साधा तर्क. वास घालवणारे रसायन म्हणून त्यांनी आधी क्लोरीनचे पाणी वापरले. ते महाग पडू लागल्यावर चुनखडीचे क्लोराइड घेतले. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल या नावाने जी पावडर टाकतात, तीच ही ब्लीचिंग पावडर. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून विभागाच्या दारात तिच्या पाण्याचे भांडे ठेवले गेले आणि आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, नखांच्या कडांसह, हात घासून धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २.३८ आणि जुलैमध्ये १.२० टक्क्यांवर आले. १८४८ या पूर्ण वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले, तर दुसऱ्या विभागात ३,२१९ मध्ये ४३. दोन्ही विभाग बरोबरीत आले. त्या वर्षीच्या मार्च आणि ऑगस्टमध्ये पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही.

मात्र वाट सरळ नव्हती. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने ग्रासलेली एक स्त्री बाळंतपणासाठी आली आणि तिला पहिल्या खाटेवर ठेवले गेले. फेरी तिच्यापासून सुरू होई. तिला तपासून मग पुढच्या खाटांकडे जात, आणि मधे हात धुतले जात ते केवळ साबणाने. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा मरण पावल्या. पुढच्याच महिन्यात गुडघ्याचे हाड कुजलेली एक रुग्ण आली. तिच्या जखमेच्या स्रावाने खोलीतील हवा भरून गेली आणि त्या खोलीतील बहुतेक बाळंतिणी गेल्या. मृतदेहच नव्हे, तर जिवंत शरीरातील पूवाहू जखमही तेच विष निर्माण करते, हे त्यातून कळले. मग प्रत्येक रुग्णाला तपासल्यानंतर क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला आणि वाहत्या जखमा असणाऱ्यांना वेगळ्या खोलीत ठेवण्यात येऊ लागले. शस्त्रक्रियेची जखम चिघळलेल्या रुग्णाला वेगळे ठेवण्याच्या आजच्या प्रथेचे एक मूळ या दोन महिन्यांत सापडते.

या शोधाने सेमेलवाइस यांना आनंदाबरोबर अपराधाची तीव्र जाणीवही दिली. इतर प्रसूतितज्ज्ञांपेक्षा आपण अधिक शवविच्छेदने केली, म्हणून आपल्या हातून किती जणी अकाली गेल्या ते देवच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे ग्रंथात निःसंकोचपणे दिली. जर्मनीतील कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्टाफ मिखाएलिस यांना ही जाणीव पेलली नाही. त्यांनी स्वतः तपासलेली त्यांची चुलत बहीण सूतिकाज्वराने गेली होती. व्हिएन्नाची वार्ता कळल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयात क्लोरीनने हात धुणे सुरू केले, परिणामही दिसला. पण १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आगगाडीखाली जीव दिला. या सिद्धान्ताला एवढा विरोध का झाला, याचे एक उत्तर मिखाएलिस यांच्या मृत्यूत आहे. तो मान्य करायचा म्हणजे आपण आजवर काय केले हेही मान्य करावे लागत होते.

दुसरे उत्तर सेमेलवाइस यांच्या स्वभावात आहे आणि त्याकडे त्यांचे भक्त सहसा डोळेझाक करतात. त्यांना लिहिण्याचा मनस्वी कंटाळा होता. शोधाची पहिली वार्ता १८४७ च्या डिसेंबरमध्ये आणि पुन्हा पुढील एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात आली ती हेब्रा यांच्या लेखणीतून. देवीच्या लसीच्या शोधाशी त्यांनी तिची तुलना केली होती. १८४९ मध्ये श्कोडा यांनी विज्ञान अकादमीपुढे व्याख्यान दिले. स्वतः सेमेलवाइस वैद्यक मंडळासमोर बोलले ते १८५० च्या मे महिन्यात, आणि ते भाषणही त्यांनी लेखरूपात छापले नाही. परिणामी युरोपभर अर्धीच गोष्ट पोचली. हा रोग केवळ प्रेतांच्या द्रव्याने होतो असे व्हिएन्नाचे म्हणणे आहे, असा समज झाला. आमच्या रुग्णालयात शवविच्छेदन होतच नाही, तरी ताप आहे, असे अनेकांनी कळवले. इंग्लंडमधील डॉक्टरांना तर यात नवे काहीच दिसले नाही. अॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि बोस्टनचे ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये हा ताप डॉक्टर व सुइणींमार्फत पसरतो असे सांगून ठेवले होते. तो देवीसारखा एका रुग्णाकडून दुसऱ्याला जाणारा साथीचा रोग नाही, कोणत्याही नासक्या जखमेतून तो उपजू शकतो, हा सेमेलवाइस यांचा पुढचा मुद्दा कुणाच्या ध्यानात आला नाही. तो ठसवण्याचे काम ज्याचे होते, तो गप्प होता.

१८४८ च्या क्रांतीने व्हिएन्ना ढवळून निघाले. श्कोडा, रोकितान्स्की यांचा ओढा नव्या विचारांकडे होता, तर क्लाइन जुन्या राजवटीचे निष्ठावंत. सहायकाचे यश म्हणजे आपल्या पंचवीस वर्षांवरचा आरोप आहे, हे क्लाइन यांना कळत होते. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची मुदत संपली तेव्हा त्यांनी ती वाढवू दिली नाही. जागा कार्ल ब्राउन यांना मिळाली. मानद अध्यापकपदासाठी सेमेलवाइस यांनी अर्ज केला. ते १८५० च्या ऑक्टोबरमध्ये मिळाले, पण विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक फक्त बाहुलीवर दाखवायचे, अशी अट होती. हा अवमान त्यांना सोसला नाही. काही दिवसांतच, जिवाभावाच्या मित्रांचाही निरोप न घेता, त्यांनी व्हिएन्ना सोडले. श्कोडा यांनी ते मनाला लावून घेतले. ब्राउन यांच्या काळात १८५४ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,३९३ बाळंतपणांत ४०० माता मृत्युमुखी पडल्या.

पेश्तमध्ये परतल्यावर ते सेंट रोकुस रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष पाहायला गेले, तेव्हा तेथे सूतिकाज्वराचा कहर चालू होता. विशेष म्हणजे तेथे शवविच्छेदन शिकवले जात नव्हते. मग विष कुठून आले? प्रसूतिकक्ष शल्यविभागाच्या अखत्यारीत होता आणि त्याचे प्रमुख सकाळी आधी शल्यरुग्णांच्या पूवाहू जखमा पाहून मग बाळंतिणींकडे येत. शस्त्रक्रियेच्या नासलेल्या जखमेपासून बाळंतिणीच्या गर्भाशयापर्यंतची वाट येथे एका दालनातून दुसऱ्या दालनात, उघडपणे चाललेली होती. सेमेलवाइस यांच्या सिद्धान्ताला यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. मे १८५१ मध्ये त्यांनी विनावेतन त्या कक्षाची जबाबदारी घेतली. पुढील सहा वर्षांत तेथे ९३३ बाळंतपणे झाली आणि सूतिकाज्वराने केवळ आठ स्त्रिया दगावल्या.

१८५५ मध्ये ते पेश्त विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथील दालने कोंदट व अपुरी होती. हात धुणे लागू झाले, तरी ताप पुन्हा उसळला. शोध घेता असे आढळले की खर्च वाचवण्यासाठी एका बाळंतिणीच्या रक्तापुवाने माखलेल्या चादरी नीट न धुताच दुसरीच्या खाली घातल्या जात होत्या. चादरींसाठी त्यांना प्रशासनाशी भांडावे लागले. १८५७ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी आपल्याहून बऱ्याच लहान असलेल्या मारिया वाइडेनहोफर यांच्याशी विवाह केला. पाच मुले झाली, पैकी दोन बालपणीच गेली. त्याच वर्षी झ्युरिक विद्यापीठाकडून आलेले निमंत्रण त्यांनी नाकारले. हा काळ त्यांच्या आयुष्यातला स्वस्थतेचा म्हणता येईल.

अखेर त्यांनी लेखणी उचलली. १८५८ मध्ये हंगेरियन वैद्यकीय साप्ताहिकात लेखमाला आली आणि सूतिकाज्वराची कारणे, संकल्पना व प्रतिबंध यांवरील पाचशेहून अधिक पानांचा जर्मन ग्रंथ १८६१ सालच्या छापाने प्रसिद्ध झाला. शोधाला तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. ग्रंथातील तक्ते आणि युक्तिवाद आजही वाचणाऱ्याला थक्क करतात. परंतु पुनरुक्ती फार, प्रतिपक्षावरील टीका त्याहून अधिक. या विलंबाचा आणि अवजडपणाचा दोष क्लाइन यांच्यावर टाकता येत नाही. युरोपातील मान्यवरांनी ग्रंथाची उपेक्षा केली. बर्लिनचे रूडोल्फ फिर्खो यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही त्याला मान्यता दिली नाही. न्यायाने सांगायचे तर सगळेच विरोधक दुराग्रही नव्हते. जंतू अजून कुणी दाखवलेले नव्हते आणि हे कुजके द्रव्य नेमके काय आहे, हे सेमेलवाइस यांनाही सांगता येत नव्हते. आकडे मात्र समोर होते, आणि आकड्यांना उत्तर कुणी दिले नाही.

मग त्यांनी जाहीर पत्रे लिहिण्यास सुरुवात केली. व्हिएन्नाचे श्पेट, व्युर्त्सबुर्गचे स्कान्त्सोनी, ग्योटिंगेनचे झीबोल्ड या प्राध्यापकांना नावानिशी उद्देशून लिहिलेल्या त्या पत्रांत, आपला सिद्धान्त न खोडता विद्यार्थ्यांना जुनेच शिकवत राहणारे हे सारे मातांचे मारेकरी आहेत, असा थेट आरोप होता. पत्रांनी मने वळली नाहीत, उरलेले सहानुभूतीदारही दुरावले. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरमहा मरणाऱ्या तरुण स्त्रिया होत्या, हे विसरून त्या संतापाकडे पाहता येणार नाही.

१८६५ च्या उन्हाळ्यात त्यांची मनःस्थिती झपाट्याने ढासळली. वागणे विचित्र झाले, स्मृती दगा देऊ लागली. हा मेंदूचा कोणता विकार होता, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. जुलैच्या अखेरीस नवे आरोग्यधाम दाखवण्याच्या निमित्ताने हेब्रा त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात घेऊन गेले. त्यांच्या शोधाची वार्ता जगाला प्रथम देणारा मित्रच हे करत होता. त्याला दुसरा मार्ग दिसला नसावा. आपल्याला येथे ठेवले जात आहे हे लक्षात येताच सेमेलवाइस यांनी सुटण्याची धडपड केली. रखवालदारांनी त्यांना मारहाण करून जखडले आणि अंधाऱ्या कोठडीत ठेवले. दोन आठवड्यांनी, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. उजव्या हाताच्या बोटाची जखम नासून विष रक्तात भिनले होते. पेश्तमधील शेवटच्या शस्त्रक्रियेत ती जखम झाली, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालयाची कागदपत्रे उजेडात आल्यावर मारहाणीच्या खुणांची नोंद पुढे आली. ज्या रुग्णालयात त्यांनी शेकडो बाळंतिणींची शवे तपासली होती, तेथेच त्यांचे शवविच्छेदन झाले. अहवालातील वर्णन कोलेत्श्का यांच्या अहवालाशी मिळतेजुळते होते.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. जखम न चिघळता भरून आली आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. लिस्टर यांना तेव्हा सेमेलवाइस यांचे नावही माहीत नव्हते. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या अकादमीत फळ्यावर साखळीसारख्या गोल जंतूंचे चित्र काढून सूतिकाज्वराचे कारण दाखवले. विष सापडले, तरी एकदा जडलेल्या रोगावरचे औषध मिळायला आणखी अर्धशतक गेले. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रोंटोसिल हे सल्फा औषध वापरून सूतिकाज्वराच्या रुग्ण वाचवून दाखवल्या. पाठोपाठ पेनिसिलिन आले. आज सिझेरियनचा छेद घेण्यापूर्वीच प्रतिजैविक दिले जाते. जखम चिघळलीच तर ती उघडून, पू काढून, स्वच्छ केली जाते आणि आईसह बाळालाही सोसेल असे औषध निवडले जाते. गर्भवतीला टेट्रासायक्लिनसारखी औषधे टाळून पेनिसिलिन वा सेफॅलोस्पोरिन गटाकडे डॉक्टर वळतात. तरीही रुग्णाला हात लावण्यापूर्वीची पहिली पायरी तीच राहिली आहे, आणि तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेला दरवर्षी ५ मे रोजी हातांच्या स्वच्छतेचा दिवस पाळावा लागतो.

सेमेलवाइस यांच्या अंत्ययात्रेला व्हिएन्नात मोजकेच लोक होते. पुढे त्यांच्या पत्नीने मुलांसह सेमेलवाइस हे आडनाव टाकून सेमेरेन्यी हे हंगेरियन नाव घेतले. १८९१ मध्ये त्यांच्या अस्थी बुडापेस्टला आणल्या गेल्या. १९६४ मध्ये त्या ताबानमधील त्यांच्या जन्मघराच्या अंगणातील भिंतीत ठेवण्यात आल्या. त्या घरात आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ पासून त्यांचे नाव आहे, तर त्यांच्या शोधाची कागदपत्रे २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाली.